नळी कोण धुणार?

खानदेशात बिअर म्हणजे बाटली. साडेसहाशे मिलिलिटरची, तपकिरी, डीप फ्रीजरमधून काढली की अंगावर बर्फाचा पापुद्रा धरणारी. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५च्या पुढे सरकला की परमिट रूममधले गिऱ्हाईक ब्रँडचे नाव नंतर सांगते, आधी बाटलीला हात लावून बघते. पुण्यात २००९ साली डुलालीने जागेवर बिअर बनवून नळाने विकायला सुरुवात केली आणि मोठ्या शहरांत नळाची बिअर रुळली. त्याच्या पुढची पायरी टाकीची. इथे बाटली नाही, केग म्हणजे धातूचे बंद पिंपही नाही. कारखान्याचा टँकर बारच्या दाराशी येतो, पाइप जोडतो आणि पाचशे किंवा हजार लिटरच्या टाकीत बिअर भरून निघून जातो. दूध संघाचा टँकर गावातल्या बल्क कूलरमधून दूध ओढून नेतो, त्याच्या बरोबर उलटा प्रकार.

ही पद्धत आज ना उद्या धुळे-जळगावात येईल, आणि यायला हरकत नाही. इथले ऊन आणि विजेचे लपंडाव बघता केगपेक्षा टाकी इथे जास्त निभावेल, असा आमचा हिशोब आहे. पण परवाना देणाऱ्यांनी टाकीच्या चकचकीत स्टीलकडे बघून शिक्का मारू नये. बघायची ती टाकीपासून नळापर्यंतची नळी. आणि ती धुण्याची जबाबदारी बारमालकाच्या गळ्यात न बांधता बिअर पुरवणाऱ्या कारखान्यावर टाकावी.

मुळात अडचण एकच आहे आणि ती दोनशे वर्षे जुनी आहे. भांड्यातून बिअर बाहेर आली की तिच्या जागी काहीतरी आत जाणार. काय जाणार? जोसेफ ब्रामाने १७९७ साली इंग्लंडमध्ये हातपंपाचे पेटंट घेतले. तळघरातल्या पिंपातून वर काउंटरवर बिअर ओढता येऊ लागली, पण पिंपात हवा शिरायची ती शिरतच राहिली आणि तीन-चार दिवसांत बिअर आंबट व्हायची. मग केग आला. बंद धातूचे भांडे, हवेऐवजी कार्बन डायऑक्साइडचा दाब. बिअर टिकू लागली, पण बाहेरचा वायू बिअरमध्ये मुरून ती जास्त फसफसते, चव मारली जाते, अशी ओरड सुरू झाली. १९७१ साली ब्रिटनमध्ये ‘कॅमरा’ ही ग्राहकांची चळवळ उभी राहिली ती बऱ्याच अंशी यावरूनच. दरम्यान उत्तर इंग्लंडमधल्या कामगारांच्या क्लबांमध्ये खप इतका, की केग वाहण्यापेक्षा तळघरात पाच-पाच बॅरलच्या, म्हणजे सुमारे ८०० लिटरच्या, टाक्याच बसवल्या गेल्या. टँकर यायचा, भरून जायचा. मात्र टाकी रिकामी झाली की ती आतून धुवावी लागे. जिथे हयगय झाली तिथे पुढची सगळी भरती बिघडली.

त्यावरचा उपाय चेक लोकांनी १९९०च्या दशकात सर्वदूर नेला. टाकीच्या आत पॉलिथिनची पिशवी. बिअर पिशवीत, पिशवी आणि स्टील यांच्या मधल्या पोकळीत कॉम्प्रेसरची हवा. हवा पिशवीला बाहेरून दाबते आणि बिअर नळीत चढते. बिअरला ना हवा लागते, ना वरून वायू मिसळतो. पिशवी रिकामी झाली की ती काढून टाकायची, नवी लावायची. स्टीलला बिअर लागतच नाही, त्यामुळे टाकी दर वेळी घासण्याचे कामही संपले. सगळा शोध त्या पिशवीत आहे, स्टील नुसते कवच. शिवाय ही बिअर पाश्चराइज न करता देता येते. मात्र ती साधारण ७ अंशांवर ठेवून दोनेक आठवड्यांत संपवायची असते.

पिशवीची काळजी नसते असे नाही. नवी पिशवी बसवल्यावर बाहेरून हवा सोडून ती आधी पूर्ण चपटी करावी लागते. आत हवा राहिली तर पहिल्याच दिवशी बिअरला ऑक्सिजन लागतो आणि चार-पाच दिवसांत भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. पिशवी पिळवटून बसली तर निम्मी बिअर शिल्लक असतानाच तिची घडी तोंडावर येते आणि नळ कोरडा पडतो. भोक पडले तर बिअर पोकळीत उतरते. मग मात्र टाकी रीतसर धुण्यावाचून गत्यंतर नाही. कॉम्प्रेसर तेलविरहितच हवा. पंक्चरवाल्याकडचा जुना आणून बसवला की तेलाचा वास कुठे ना कुठे निघतोच.

आता उन्हाचा हिशोब. पाचशे लिटरच्या टाकीचे बाह्यांग धरा चार चौरस मीटर, त्यावर उष्णता अडवणारा ५० मिलिमीटर पीयू फोम. बाहेर ४५, आत ७. एवढ्या फरकाला आत शिरणारी उष्णता जेमतेम ७५-८० वॅट, म्हणजे एका जुन्या बल्बइतकी. पाचशे लिटर बिअर एका अंशाने तापायला सुमारे २,१०० किलोज्यूल लागतात. म्हणजे वीज गेली तर तासाला अंशाचा सातवा-आठवा भाग चढणार. सहा तासांचे भारनियमन झाले तरी टाकी एका अंशाच्या आत. याउलट ५० लिटरचा उघडा केग त्याच उन्हात ठेवला तर पहिल्या तासातच चार-पाच अंश चढतो. आणि एकदा चढला की उतरायला वेळ लागतो: १० अंशांवर आलेला केग शीतखोलीत ठेवून ३-४ अंशांवर यायला जवळपास एक अहोरात्र जाते. संध्याकाळी गाडीतून उतरलेला केग रात्री आठला नळाला जोडणारा बार गिऱ्हाइकाला फेसच विकणार, बिअर नाही.

कारण तापमान चढले की वायू बिअरमध्ये थांबत नाही. ३ अंशांवर तो आत राखायला ०.८ बारच्या (हा बार म्हणजे दाबाचे एकक) आसपास दाब पुरतो. १० अंशांवर सव्वा बार लागतो, २५ अंशांवर सव्वादोन बारच्या घरात. वेटर नळ अर्धवट उघडतो, फेस आणखी वाढतो, मग वायूचा दाब ठरवणाऱ्या रेग्युलेटरची किल्ली फिरवली जाते, आणि दोन दिवसांनी तीच बिअर जास्त वायू पिऊन अधिकच फेसाळते. बिचाऱ्या रेग्युलेटरचा यात काही दोष नसतो. थर्मामीटर बघितलेला नसतो, एवढेच.

केगवाल्यांची आणखी एक अडचण आहे, आणि ती थंड देशांच्या पुस्तकांत ठळकपणे येत नाही. कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांच्या वर द्रवरूपात राहूच शकत नाही. खानदेशात मार्च ते जून दुपारी सिलिंडर ज्या आडोशाला ठेवलेला असतो तिथे तापमान सर्रास त्याच्या वर असते. आतला दाब भराभर चढतो आणि सिलिंडर काठोकाठ भरून आणला असेल तर सुरक्षा झडप उडते. दाबाच्या घड्याळाचा काटा बघून किती वायू शिल्लक आहे ते कळत नाही. सिलिंडर वजनकाट्यावर ठेवावा लागतो. हा वायू हवेपेक्षा दीडपट जड, त्याला वास नाही, तो बंद खोलीत जमिनीलगत साचतो. आठ तासांच्या कामासाठी ५,००० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत पाच हजार भाग) ही मर्यादा मानतात, ४०,००० पीपीएमला जिवाशी गाठ. स्टोअररूममध्ये सिलिंडर असेल तर खाली, गुडघ्याच्या उंचीवर, अलार्म हवा. पिशवीच्या टाकीत हे प्रकरणच नसते. हवा गळली तर हवाच गळते.

इथवर टाकीचे पारडे जड आहे. आता नळी.

टाकी मागे, नळ पुढे, मध्ये दहा मीटर अंतर धरू. साडेनऊ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या दहा मीटर नळीत सुमारे ७०० मिलिलिटर बिअर मावते. रात्री बार बंद झाल्यापासून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती तिथेच उभी. नळी नुसती भिंतीवरून नेली असेल तर ती खोलीच्या तापमानाला येते आणि दिवसाचा पहिला दीड मग मोरीत जातो. म्हणून बिअरच्या नळ्या आणि थंड ग्लायकॉलच्या, म्हणजे सहजी न गोठणाऱ्या द्रवाच्या, नळ्या एकत्र गुंडाळून त्यांवर फोमचे जाड वेष्टण चढवतात. धंद्यात त्याला पायथन म्हणतात, आणि दिसतोही तसाच. ग्लायकॉल शून्याच्या आसपास फिरता ठेवायचा. तो प्रॉपिलीन ग्लायकॉलच हवा, खाद्य दर्जाचा. गाडीच्या रेडिएटरमध्ये घालायचा कूलंट म्हणजे बहुधा इथिलीन ग्लायकॉल. तो विष आहे. २०२० साली ब्राझीलमध्ये बेलो होरिझोंते इथे थंडाव्याचा ग्लायकॉल बिअरमध्ये झिरपला आणि माणसे दगावली. गॅरेजमध्ये स्वस्त मिळतो म्हणून कोणी तो भरणार नाही, असे गृहीत धरता येत नाही. तपासणीच्या यादीत हा मुद्दा पहिल्या पानावर हवा.

तापमान सांभाळले तरी नळी आतून मळतेच. बिअरमधले प्रोटीन, यीस्टचे अवशेष आणि कॅल्शियम ऑक्झलेट यांचा एक खरखरीत थर बसतो, त्याला बिअरस्टोन म्हणतात. त्या थरात लॅक्टोबॅसिलस आणि पेडिओकॉकस हे जंतू मुक्काम ठोकतात; बिअर आंबूस होते, नाहीतर लोण्यासारखी वास मारू लागते. नळाच्या तोंडाशी हवा लागते, तिथे व्हिनेगर करणारे जंतू. ते आणतात चिलटे. रावेर-यावलच्या केळीच्या मुलखात चिलटांची कमतरता नाही. रात्री नळाच्या तोटीला टोपी घातली नाही तर सकाळी त्यांची जत्रा भरलेली असते.

त्यामुळे दर चौदा दिवसांनी धुणे ही अमेरिकेतल्या बिअर उत्पादकांच्या संघटनेने घालून दिलेली किमान मर्यादा; ब्रिटनमध्ये आठवड्याला धुतात. खानदेशच्या उन्हात आठवडाच धरावा. काम असे: आधी टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून नळीतली बिअर कोमट पाण्याने काढायची. मग २ टक्के कॉस्टिक सोड्याचे द्रावण, म्हणजे दहा लिटर पाण्यात २०० ग्रॅम. कॉस्टिक पाण्यात टाकायचा. पाणी कॉस्टिकवर ओतले तर ते उकळून तोंडावर उडते. हातमोजे, चष्मा. द्रावण २७ ते ४३ अंशांच्या दरम्यान ठेवायचे. दोन नळ्या एकमेकींना जोडून फेरा करायचा आणि छोट्या पंपाने मिनिटाला साडेसात लिटरच्या वेगाने पंधरा मिनिटे फिरवायचे. पंप नसेल तर द्रावण वीस मिनिटे नळीत नुसते भरून ठेवायचे. पण त्यात घासले जाण्याचा परिणाम मिळत नाही. फिरवत असतानाच नळ उघडून, तोटी, वॉशर, ओ-रिंग सुटे करून ब्रशने घासायचे. शेवटी गार पाणी, आणि ते किती वेळ? अंदाजाने नाही. पीएचची पट्टी बुडवायची. नळीतून येणाऱ्या पाण्याचा रंग साध्या पाण्याशी जुळला की थांबायचे. तीन महिन्यांतून एकदा आम्लाची फेरी, कारण बिअरस्टोन कॉस्टिकला दाद देत नाही. आम्ल आणि क्लोरीनची पावडर यांची गाठ कधीही पडू द्यायची नाही, विषारी वायू होतो.

इथे खानदेशचे पाणी आडवे येते. तापीकाठच्या बोअरचे पाणी जड. कॉस्टिकशी गाठ पडली की त्यातला चुना पांढरा होऊन खाली बसतो, आणि धुण्यासाठी घातलेले द्रावणच नळीला नवा थर देते. किटलीत बसतो तोच. द्रावण आणि शेवटचे पाणी दोन्ही आरओचे वापरले तर हा प्रश्न सुटतो, आणि आरओ यंत्र आजकाल प्रत्येक बारमध्ये असतेच.

धुण्याचा एक धडा मात्र दुधाच्या डेअरीतून आंधळेपणाने उचलू नये. डेअरीत टाकी रिकामी झाली की कॉस्टिकचा फवारा सुरू करतात. पिशवीविना टाकी असेल आणि ती कार्बन डायऑक्साइडने भरलेली असताना झाकण बंद ठेवून कॉस्टिक फवारला, तर कॉस्टिक तो वायू शोषून घेतो, आत पोकळी तयार होते आणि बाहेरच्या हवेच्या दाबाने टाकी चेपते, चक्क पत्र्याच्या डब्यासारखी. आधी वायू काढून हवा खेळू द्यायची, व्हेंट उघडा ठेवायचा, मग फवारा. बाकी डेअरीवाल्यांकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. चार अंशांचे भांडे, स्टेनलेसचे वेल्डिंग, फेरा मारून धुणे, नोंदवही हे सगळे येणारी माणसे खानदेशात गावोगाव आहेत. पुण्याहून तंत्रज्ञ बोलवायची गरज नाही. म्हणून ‘इथे हे जमायचे नाही’ हे म्हणणे आम्हाला पटत नाही.

पण ते करवून घेणार कोण? बारमालकाचा हिशोब साधा आहे. दोन नळांच्या प्रत्येक धुण्यात नळ्यांतली दीड लिटर बिअर जाते, शिवाय तासभर माणूस अडकतो. पंधरवडा ढकलला तर त्याच दिवशी काही बिघडत नाही. बिघडते ते तीन आठवड्यांनी, आणि गिऱ्हाईक दोष ब्रँडला देते. म्हणजे नाव ज्याचे खराब होते तो नळी धुवत नाही, आणि ज्याच्या हातात नळी आहे त्याचे नाव खराब होत नाही. हे कोडे सोडवायचे तर धुण्याचे ओझे नाव जपणाऱ्यावर, म्हणजे कारखान्यावर, ठेवावे लागेल. टँकर भरायला येतो त्या वेळी धुणे उरकावे. नोंद झाल्याशिवाय भरती नाही. राज्य उत्पादन शुल्क विभागाला टँकरच्या प्रत्येक फेरीचा पास द्यावाच लागणार. त्याच कागदावर नळी धुतल्याची तारीख आणि पीएचचा रकाना छापला की वेगळी यंत्रणा लागत नाही.

यावर आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. टाकी कारखान्याची, धुणारा कारखान्याचा, म्हणजे बारही कारखान्याच्या दावणीला. ब्रिटनमध्ये नेमके हेच झाले होते. तिथल्या सरकारला १९८९ साली आदेश काढून मोठ्या कारखान्यांच्या मालकीच्या पबांवर मर्यादा घालावी लागली आणि अशा पबांमध्ये दुसऱ्याची एक बिअर ठेवण्याची मुभा द्यावी लागली. तोच तोडगा इथे पहिल्या दिवसापासून ठेवावा: टाकी असलेल्या बारला किमान एक नळ दुसऱ्या कोणाच्याही केगसाठी मोकळा.

दुसरा आक्षेप नैतिक. ज्या जिल्ह्यांत बायांनी ‘आडवी बाटली’साठी मतदान मागितले, तिथे पाचशे लिटरची टाकी आणणे म्हणजे जखमेवर मीठ, असे कोणी म्हणेल. त्यांचा राग खोटा नाही. पण टाकीने परवाना वाढत नाही. असलेल्या परवान्यातच ती बसते. पिशवीतली बिअर घरी नेता येत नाही, शेतावर नेता येत नाही, नवापूरच्या पलीकडे गुजरातेत डिकीतून नेता येत नाही. ती तिथेच बसून प्यावी लागते. शिवाय नळाची बिअर बहुधा सौम्य असते. आठ टक्क्यांच्या स्ट्राँगवर पोसलेल्या गिऱ्हाइकाला ती पहिल्या महिन्यात पाणचट लागेल, बारमालक हिरमुसेल. लागू दे.

खपाचा हिशोब मात्र कोरडेपणाने मांडायला हवा. पाचशे लिटर म्हणजे अर्ध्या लिटरचे हजार मग. सुरू केल्यापासून आठवड्यात संपवायचे तर रोज दीडशेच्या आसपास. जळगाव शहरात मे महिन्यात हे जमेल. श्रावणात? गटारीला टाकी रिकामी आणि दुसऱ्या दिवसापासून महिनाभर शुकशुकाट, हे इथले पंचांग आहे. त्यात आषाढी एकादशी आणि अनंत चतुर्दशीसारखे ड्राय डे, निवडणूक लागली तर मतदान संपण्याआधीचे ४८ तास. चाळीसगाव-अमळनेरसारख्या ठिकाणी अडीचशे लिटरच्या वर टाकी परवडणार नाही, आणि श्रावणात ती भरूच नये. वजनही बघा: भरलेली पाचशेची टाकी सातशे किलोच्या पुढे जाते, तर घरगुती स्लॅब चौरस मीटरला दोनशे किलोच्या हिशोबाने टाकलेला असतो. काचेमागे टाकी दिसावी म्हणून ती पहिल्या मजल्यावर चढवण्याआधी इंजिनिअरची सही घ्यावी. इथल्या बारना तळघर नसते. टाकीची जागा तळमजल्यावर, पश्चिमेची भिंत सोडून.

टँकर वाळूजहून निघाला तर दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर आणि मध्ये अजिंठ्याचा किंवा कन्नडचा घाट. अर्धा रिकामा टँकर घाटात वळला की आतला द्रव एका बाजूला झेपावतो, म्हणून आत आडव्या पट्ट्या हव्यात. आणि हिसळलेली बिअर लगेच भरायला घेतली तर फेसच भरला जातो. तास-दीड तास थांबावे लागते. पहाटे निघून नऊच्या आत भरती, हेच वेळापत्रक उन्हाळ्यात चालेल.

शेवटी माप. बाटलीवर ६५० छापलेले असते, भांडण होत नाही. मगावर काहीच नसते. वर तीन बोटे फेस असला की गिऱ्हाईक विचारणारच, ‘फेसना पैसा काबर देवू?’ प्रश्न रास्त आहे. दोन बोटे फेस बिअरला हवाच. त्याने वास धरून ठेवला जातो. पण तो पाचशेच्या रेघेच्या वर हवा. म्हणजे मग ५७०-५८० मिलिलिटरचा, आणि त्यावर कोरलेली पाचशेची रेघ. शेवभाजीच्या तेलकट हाताने धरलेला मग नुसता बादलीत बुचकळून पुन्हा भरला तर फेस बसतोच, मग वेटर काठोकाठ ओततो आणि सांडतो. ओला मग पालथा धरून आत मीठ भुरभुरवा. जिथे मीठ चिकटत नाही तिथे तेल आहे. टाकीच्या तोंडाशी प्रवाहमापक, मगावर रेघ, दोन्हींना वैधमापन खात्याचा शिक्का. आणि नळाशेजारी भिंतीवर गिऱ्हाइकाला दिसेल अशा उंचीवर एक पाटी: नळी धुतल्याची तारीख, टाकी भरल्याची तारीख, आजचे तापमान.